ग्रिमरॉकमध्ये अडकलात? आधी घरं मोजायला शिका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' या कॉम्प्युटर गेमचं खूप कौतुक ऐकून तुम्ही तो घेतला. पाच-सहा तास खेळलात आणि आता तिसऱ्या लेव्हलवर अडकलात. चालणं धक्क्याधक्क्याने होतं, एका घरातून दुसऱ्या घरात (घर म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर असतं तसा जमिनीचा एक चौकोन). मॉन्स्टर समोर आला की बटणं सापडेपर्यंत तुमच्या चौघांच्या पार्टीतले पुढच्या रांगेतले दोघं गारद झालेले असतात. दोन कोड्यांची उत्तरं इंटरनेटवर पाहिलीत आणि तेव्हापासून गेम उघडावासाच वाटत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, की हे असले जुन्या धाटणीचे डंजन क्रॉलर, म्हणजे भुयारात फिरत लढायचे आणि कोडी सोडवायचे गेम, फक्त लहानपणी ते खेळलेल्यांसाठीच असतात का, आणि सरळ सोडून द्यावा का?

आधी त्या लहानपणाच्या मुद्द्याचं सांगते, कारण तो मनातून गेला की बाकीचं सोपं होईल. मी लहानपणी यातला एकही गेम खेळलेले नव्हते. २०१२ मध्ये ग्रिमरॉक आला तेव्हा तो माझा या प्रकारातला पहिलाच गेम होता. तो संपवून मग मी उलट्या दिशेने मागे गेले, १९८७ च्या 'डंजन मास्टर'कडे आणि तिथून १९८१ च्या 'विझर्ड्री'कडे. म्हणजे आठवणींचा गोडवा माझ्याकडे नव्हताच, तरी गेली बारा-तेरा वर्षं मी हेच खेळते आहे. ग्रिमरॉकसोबत मिळणाऱ्या एडिटरमध्ये स्वतःची भुयारंही बांधली आणि ती दुसऱ्यांना खेळायला देऊन शेजारी बसून पाहिली. खाली जे सांगते आहे त्यातलं निम्मं त्या शेजारी बसण्यातून आलंय.

मला वाटतं, तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणी एकत्र मिसळल्यात. चालण्याची अडचण सवयीची आहे, ती आठवड्यात जाते. कोड्यांची अडचण तुम्ही उत्तरं वाचलीत म्हणून झाली आहे. लढाईची अडचण मात्र काही अंशी खरोखर गेमचीच आहे, तिथे तुमची तक्रार मला मान्य आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच मिळत असतील तर हा प्रकार जड जातो, कारण डोक्यातला नकाशा दोन दिवसांत पुसट होतो आणि पुढच्या वेळची दहा मिनिटं 'मी कुठे होतो' यातच जातात. घड्याळाच्या दबावाखाली निर्णय घेणं मुळातच आवडत नसेल तर ग्रिमरॉकपेक्षा पाळीपाळीने लढाई होणारे गेम तुम्हाला मानवतील. त्यांच्याकडे शेवटी येते. आणि कोडी सोडवणं हाच कंटाळा असेल, तर माझ्या कुठल्याच सल्ल्याचा उपयोग नाही.

आता चालणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

घराघरांनी चालणं आलं ते यंत्रांच्या मर्यादेमुळे. 'विझर्ड्री' चालायचा तो ४८ किलोबाइट मेमरीच्या अॅपल टूवर. तेवढ्यात दहा मजल्यांचं भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा, आणि समोरचं दृश्य नुसत्या रेघांनी काढलेलं. घरं नसती तर हे बसलंच नसतं. 'डंजन मास्टर'ने तीच घरं ठेवली, पण घड्याळ चालू केलं. तुम्ही विचार करत उभे असाल तरी मॉन्स्टर चालत येतोच. पुढे १९९२ मध्ये 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' मोकळ्या चालीचं भुयार घेऊन आला, लगोलग 'डूम' आला, आणि घरांची चाल जुनाट ठरून मागे पडली. ग्रिमरॉक बनवणाऱ्या फिनलंडमधल्या 'ऑलमोस्ट ह्युमन' या छोट्या गटापुढे मेमरीची कसलीच अडचण नव्हती. त्यांनी घरं मुद्दाम निवडली. का निवडली, ते मला स्वतः भुयार बांधायला बसल्यावर कळलं.

घर असलं की अंतर मोजता येतं. मी एकदा एक दार केलं होतं. खटका ओढला की उघडायचं आणि काही क्षणांत बंद व्हायचं. खटका आणि दार यांच्यात सात घरं, मध्ये एक वळण. वेळ अशी ठेवली होती की सरळ धावत जाऊन वळणावर तोंड फिरवलं तर दार तोंडावर बंद होईल, पण वळणावर न वळता आडवं सरकलं तर अगदी जेमतेम आत जाता येईल. मोकळ्या चालीच्या गेममध्ये हेच कोडं असतं तर खेळणाऱ्याला शंका आली असती की आपण कोपऱ्याला अडकलो का, उडी कमी पडली का, की मुळात इथून जायचंच नाही. घरांच्या गेममध्ये ही शंकाच उरत नाही. सात पावलं म्हणजे सातच. उत्तर तुमच्या बोटांत नसेल तर नक्की डोक्यात कुठेतरी आहे, याची खात्री असते. बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो हे ठरलेलं असतं म्हणूनच पुढच्या चार चालींचा विचार करता येतो, तसंच हे.

म्हणून माझा पहिला सल्ला कंटाळवाणा वाटेल, पण करून पाहा. पहिल्या लेव्हलवर, जिथे काही मारायला येत नाही अशा जागी, दहा मिनिटं नुसतं चाला. डब्ल्यू आणि एसने पुढे-मागे, ए आणि डीने डावीउजवीकडे सरकायचं, क्यू आणि ईने जागेवर वळायचं. नवीन खेळणारे जवळपास सगळेच ए-डी कमी आणि क्यू-ई जास्त वापरतात, कारण इतर गेममध्ये माउस फिरवून पाहायची सवय असते. प्रत्येक वळण नव्वद अंशांचं असतं. तीन वळणं घेतली की दिशा विसरायला होतं, आणि 'धक्के बसतात' ही भावनाही त्या वळण्यातूनच येते. एक नियम लावून घ्या: काही पाहायचं किंवा मारायचं असेल तरच वळायचं, नुसतं जायचं असेल तर सरकायचं. एक अख्खी खोली उत्तरेकडे तोंड ठेवून फिरून पाहा. दोन-तीन बैठकींत बोटं स्वतःहून हे करायला लागतात आणि मग धक्के जाणवत नाहीत.

नकाशाचं थोडक्यात सांगते. ग्रिमरॉकमध्ये नवा गेम सुरू करताना एक 'ओल्ड-स्कूल' पर्याय असतो, तो निवडला की ऑटोमॅप बंद होतो आणि नकाशा कागदावर काढावा लागतो. काही लोक सांगतील की खरी मजा त्यातच आहे. पहिल्या वेळी तो घेऊ नका. पण नकाशा वाचायला शिका, हे त्याहून महत्त्वाचं. कागदावर नकाशा काढणारे लोक नकळत एक गोष्ट करत असतात, ती म्हणजे रिकाम्या जागेकडे पाहणं. चारही बाजूंनी रस्ते आहेत आणि मध्ये दोन बाय दोनचा कोरा तुकडा उरलाय, असं दिसलं की तिथे काहीतरी असणार हे कळतं. ऑटोमॅपवरही ते दिसतंच, फक्त तो रस्ता शोधायला उघडायचा आणि बंद करायचा, या घाईत नजरेतून सुटतं. ग्रिमरॉकमधल्या लपलेल्या जागा मला भिंतींवर डोळे ताणून क्वचित सापडल्या. बहुतेक सापडल्या त्या नकाशातल्या अशा पोकळ्यांमुळे.

'विझर्ड्री'त तर सगळा डाव नकाशावरच होता. तिथे काही घरांत पाय ठेवला की तोंड दुसरीकडेच फिरतं, पण पडद्यावर काही कळत नाही. काही घरं तुम्हाला दुसऱ्याच जागी नेऊन टाकतात. मग ग्राफ पेपरवर काढलेला रस्ता जुळेनासा होतो आणि मान्य करावं लागतं की तीन घरांपूर्वी काहीतरी घडलं. 'डुमापिक' नावाचा मंत्र फक्त तुम्ही कुठे आहात एवढंच सांगतो, आणि त्याची किंमत तिथे फिरल्यावर कळते. २००७ मध्ये निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या कन्सोलवर आलेल्या 'एट्रियन ओडिसी'ने खालच्या पडद्यावर चौकटींचा कागद दिला आणि हातात पेन. भिंती आपण काढायच्या, दारं-खुणा आपण टाकायच्या. नकाशा काढणं हेच खेळणं आहे, हे मला त्या गेममध्ये सगळ्यात स्वच्छ दिसलं.

आता लढाई, आणि इथे मी तुमच्या बाजूची आहे.

ग्रिमरॉकमध्ये मॉन्स्टरला तुमच्याकडे तोंड करून मगच हल्ला करता येतो. त्यामुळे दोन बाय दोनच्या मोकळ्या जागेत तुम्ही त्याच्याभोवती सरकत राहिलात, तो वळेपर्यंत मारलंत आणि पुन्हा सरकलात, तर बऱ्याच मॉन्स्टरना तुम्हाला हातच लावता येत नाही. खेळणारे याला 'स्क्वेअर डान्स' म्हणतात. 'डंजन मास्टर'मध्येही हेच चालायचं. एकदा हे जमलं की सुरुवातीची भीती जाते, आणि त्यानंतर काही तासांनी लढाईतला जीवही जातो. तीच चार घरं, तीच गोल फेरी. बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी चार-चारच्या तुकडीत चालणारे सांगाडे आणले, अरुंद बोळ ठेवले, मागून दार बंद करणाऱ्या खोल्या केल्या. तरीही ही त्या लढाईची खरी कमतरता आहे असं माझं मत आहे, आणि एखाद्याने फक्त एवढ्यासाठी गेम सोडला तर मी त्याला दोष देणार नाही.

पण तुम्ही अजून त्या टप्प्यावर नाही आहात. तुमचे पुढचे दोघं मरतात, कारण तुम्ही समोरासमोर उभे राहून मारताय. हत्यार एकदा चालवलं की ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, आणि नेमका त्या वेळात मॉन्स्टर मारतो. म्हणजे तुमचा मोकळा वेळ हाच सरकायचा वेळ. मारा, सरका, तयार झालं की मारा. हा ताल कानाला लागेपर्यंत पहिल्या दोन लेव्हलवरच्या गोगलगायींवर सराव करा. त्या हळू आहेत आणि मेल्यावर खायलाही मिळतं.

दुसरं म्हणजे, लढाईची जागा तुम्ही ठरवा. बोळात मॉन्स्टर दिसला की पुढे जाऊ नका. मागे सरकत सरकत जा आणि सरकताना मागच्या रांगेतल्याला बाण, दगड, जे असेल ते फेकू द्या. लढाई झाली की सगळं गोळा करा. मागची मोकळी खोली आधीच पाहून ठेवलेली असली तर तिथे त्याला ओढून आणा. अनोळखी खोलीत घुसण्याआधी 'पळायचं झालं तर कुठे' हे ठरवायची सवय लागली की मरणं निम्म्यावर येतं. निदान माझं तरी आलं.

जादूगाराबद्दल बरेच जण तक्रार करतात आणि ती रास्त आहे. नऊ रूनच्या, म्हणजे मंत्राच्या चिन्हांच्या, चौकोनातून योग्य त्या निवडायच्या, मग मंत्र सोडायचा, आणि हे सगळं समोर मॉन्स्टर असताना. घाबरून चुकीची रून दाबली जाते. माझा उपाय असा की पहिल्या पाच-सहा तासांत एकच मंत्र वापरायचा. आगीच्या एका रूनवर चालणारा सुरुवातीचा मंत्र पुरेसा आहे. लढाई नसतानाच रून निवडून ठेवायची, म्हणजे वेळ आल्यावर एकच क्लिक उरतो. पार्टी अजून बदलायला तयार असाल तर पहिल्या खेपेला पुढे दोन लढवय्ये, मागे एक फेकून मारणारा 'रोग' (rogue, म्हणजे चोरट्या चालीचा लढणारा) आणि एक जादूगार, यापेक्षा वेगळं काही करू नका.

खाणं आणि मशाली यांची काळजी नवीन लोक गरजेपेक्षा जास्त करतात. विनाकारण झोपा काढल्या नाहीत तर खाणं पुरतं. सेव्ह मात्र दोन-तीन वेगवेगळ्या जागी करत राहा. एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहिणं धोक्याचं आहे. निळा स्फटिक सापडला की त्याची जागा लक्षात ठेवा. तो जखमी आणि मेलेल्या सगळ्यांना उभं करतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा वापरता येतो.

आता कोडी, म्हणजे तुमचा रस जिथे गेला ती जागा.

उत्तर वाचल्यावर तुम्हाला जे वाटलं त्याचं कारण सरळ आहे. या गेममध्ये कथा फारशी नाही, संवाद नाहीत, लढाईचं वर सांगितलंच. दार उघडल्याचा आनंद हाच मुख्य मोबदला आहे. तो दुसऱ्याने घेतला तर तुमच्या वाट्याला नुसतं चालणं उरतं. म्हणून मुख्य वाटेवरच्या कोड्याचं उत्तर पाहू नका, अडलात तर एक ओळीची सूचना मागा. भिंतीत लपवलेल्या बारीक बटणांचं मात्र वेगळं. त्यामागे बहुतेक वेळा वरकड खजिना असतो, पुढे जायला त्याची गरज नसते. अंधुक उजेडात विटेएवढं बटण हुडकत बसण्यात मलाही मजा येत नाही. ते पाहून घ्यायचं असेल तर खुशाल पाहा.

अडल्यावर मी काय करते ते सांगते. भिंतीवरचा मजकूर किंवा सापडलेला कागद मोठ्याने पुन्हा वाचते. डोळे ओळखीच्या ओळीवरून घसरतात, कान घसरत नाहीत. मग काहीतरी फेकून पाहते. फेकलेली वस्तू दबणाऱ्या फरशीवर पडली की ती फरशी दबते, आणि वस्तू टेलिपोर्टरमधूनही, म्हणजे दुसऱ्या जागी नेऊन टाकणाऱ्या घरातूनही, जाते. नवीन खेळणाऱ्यांना फेकणं म्हणजे फक्त मारणं वाटतं, आणि निम्मी कोडी तिथेच अडतात. तरीही नाही जमलं तर खोलीतून बाहेर जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा आत येते.

हे शेवटचं मी एका मित्राकडून शिकले. माझ्या एका भुयारात तो बंद दारासमोर पंधरा मिनिटं उभा होता. सूचना भिंतीवर स्पष्ट लिहिलेली होती, पण मी ती दारासमोरच्या भिंतीवर लावली होती, आणि तो ज्या बाजूने आला त्यामुळे तिच्याकडे त्याची पाठ होती. मला बोलायचं नव्हतं, म्हणून गप्प बसून पाहत राहिले. त्याने दाराची प्रत्येक वीट तपासली. शेवटी वैतागून मागे वळला आणि दहा सेकंदांत दार उघडलं. चूक माझी होती. पुढच्या खेपेला मी ती सूचना हलवली. पण चांगल्या भुयारांतही असं होतं, कारण तुम्ही कुठून याल हे बांधणाऱ्याला नेहमी ठाऊक नसतं. घरांच्या गेममध्ये मागे पाहण्यासाठी दोनदा वळावं लागतं, म्हणून आपण पाहतच नाही. खोलीत शिरलात की एकदा दोन्ही वळणं घेऊन मागची भिंत पाहायची, एवढं पक्कं ठरवून टाका.

आता सोडायचा का? मी तुमच्या जागी असते तर तिसऱ्या लेव्हलवरून पुढे गेले नसते, पहिल्यापासून सुरू केला असता. पहिल्या दोन लेव्हल आता तुम्हाला तासाभरात होतील, आणि चालण्याचा, मारण्याचा ताल तिथेच बसेल. त्या तासातही चालणं नकोसं वाटलं तर ग्रिमरॉक बाजूला ठेवा.

त्यानंतर कुठे जायचं हे काय नकोसं वाटलं यावर आहे. एकाच दारापाशी अडकून बसणं नको असेल तर २०१४ चा 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक २' घ्या. तो एका बेटावर घडतो, उघड्यावर फिरता येतं, आणि एक वाट बंद झाली तर दुसरीकडे जायला जागा असते. मला तो पहिल्यापेक्षा मोठा आणि उदार गेम वाटतो. घड्याळ नको असेल तर 'एट्रियन ओडिसी'. २०२३ मध्ये त्याचे पहिले तीन भाग नव्या रूपात आले आहेत. तिथे काही बलाढ्य मॉन्स्टर नकाशावर दिसतात आणि तुम्ही पाऊल टाकलं की तेही पाऊल टाकतात. लढाई न करता त्यांना चुकवत जाणं हे घरांचं इतकं सुंदर कोडं आहे की तुमचं मत तिथे बदलेल असं मला वाटतं. मुळापासून पाहायचं असेल तर १९८१ च्या 'विझर्ड्री'ची २०२४ ची नवी आवृत्ती आहे. त्यात नव्या चित्रांसोबत कोपऱ्यात मूळ अॅपल टूचा पडदाही चालू ठेवता येतो. पण तो कठोर आहे. त्याच्याकडे पहिला गेम म्हणून जाऊ नका.

तिसऱ्या लेव्हलवर नेमक्या कुठल्या खोलीत थांबला आहात, तिथे भिंतीवर काय लिहिलंय आणि तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलं, ते लिहा. उत्तर सांगणार नाही, पण कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहायचं तेवढं सांगते.